थोरल्या दिरांचा पक्ष

माझे थोरले दीर जालन्यात वकील. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, वकिलीही उर्दूतच केलेली. माझं माहेर पुण्याचं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कोर्टाचं काम मराठीत सुरू झालं, आणि तेव्हापासून मी त्यांना डोळ्यांसमोर नकोशी झाले.

एकदा भर कोर्टात ते म्हणाले, "साहेब, मी कागद तपासून राह्यलो."

पुण्याकडून आलेल्या न्यायाधीशांनी विचारलं, "राह्यलो म्हणजे? कुठे राहिलात?"

आमच्याकडे 'तपासून राह्यलो' म्हणजे 'तपासतोय'. सगळं कोर्ट हसलं. माझा नवरा तिथेच कारकून होता, त्यानेच मला सांगितलं. त्या न्यायाधीशाचा मला आजही राग येतो.

थोड्याच दिवसांत आमच्या ओसरीवर पक्ष जन्मला. मराठवाड्याचं वेगळं राज्य हवं. हसनाबादचे एक जमीनदार यायचे. त्यांना कुळकायद्याची धास्ती. सरकीचे एक मारवाडी व्यापारी यायचे. मुंबईच्या दलालांनी त्यांना धंद्यातून उठवलं होतं. जो तो आपलं दुखणं घेऊन यायचा आणि उठताना त्याला अस्मिता म्हणायचा. चहा मीच करायचे.

एका दुपारी न राहवून मी विचारलं, "वेगळ्या राज्यात कुळांना जमीन मिळेल का?"

जमीनदारांनी कप खाली ठेवला. दीर माझ्याशी बोललेच नाहीत. नवऱ्याला म्हणाले, "तुझ्या बायकोला सांग, इथं पुण्याची हुकमत चालणार न्हाई."

नवरा रिकामे कप गोळा करू लागला.

चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गर्दी होती. तिथे दिरांनी सभा घेतली. नोकऱ्या, रस्ते, पाणी, सगळ्यावर बोलले. लोक जांभया देत होते. मग त्यांनी कोर्टातली ती गोष्ट काढली, पण स्वतःची म्हणून नव्हे. "मंठ्याचा एक गरीब शेतकरी कोर्टात उभा राह्यला. त्याच्या बोलीला हे पुण्याचे लोक हसले." सभा एकदम उसळली.

घरी जेवायला वाढताना मी म्हणाले, "भाऊजी, तो शेतकरी म्हणजे तुम्हीच ना?"

त्यांनी ताट ढकललं. "बिलकुल गप. माझ्या घरात ऱ्हायचं तर बराबर ऱ्हायचं. न्हाईतर जल्दी सामान बांधा."

आम्ही बांधलं. भाड्याच्या खोलीत गेलो.

पुढे जमीनदार सत्ताधारी पक्षात गेले. व्यापाऱ्याने मुंबईच्याच दलालांशी भागीदारी केली. महाराष्ट्र झाला त्या दिवशी चौकात पेढे वाटत होते आणि दीर ओसरीवर एकटे बसले होते. मी समोरून गेले. त्यांनी मान फिरवली. मीही हाक मारली नाही.