बत्ती बढाओ

१९४९ सालचा मार्च, पहिला सोमवार, सकाळचे अकरा. रक्कम चाळीस रुपये, तीही कलदार, म्हणजे इंग्रजी नाण्यात. हजर चौघे: मुंबईहून आलेले कॅमेरामन, कंपनीचे मुनीम, दिव्यांचे काम पाहणारे उस्ताद आणि मी. रक्कम माझ्याकडे मागितली जात होती. दिली नाही तर उद्यापासून यायचे नाही, असे बजावले होते.

माझे वय तेव्हा एक्केचाळीस. अठरा वर्षे निजामाच्या महसूल कचेरीत उर्दू दफ्तर लिहिले; पोलिस ॲक्शननंतर फेररचनेत जागा गेली. काचीगुडा स्टेशनमागच्या एका शेडमध्ये ही कंपनी छोटे माहितीपट काढत असे. तिथे तीन महिने बिनपगारी शिकायचे, मग कायम रोजंदारी, असे उस्तादांशी ठरले होते. घरी ऐकावे लागले, "अहो, दिवे लावायला शिकायचं, त्याला तीन महिने?" त्यातले अकरा दिवस उरले होते.

शिकलो ते थोडक्यात सांगतो. मुख्य दिवा चेहऱ्याच्या एका बाजूला, डोक्याच्या वर. दुसरा समोरच्या बाजूने, मंद. सावली पुसायची नाही, नुसती सौम्य करायची. तिसरा पाठीमागून, म्हणजे काळे केस काळ्या पडद्यात बुडत नाहीत. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा नव्हे, चौथाई उरतो. हे मी दोरीने अंतर मोजून वहीत मांडले, तेव्हा उस्ताद हसले होते. "मुन्शी साब, उजाले का बी हिसाब लिख को रखते?"

त्या सकाळी एक बाई सूत कातत बसली होती. आवाज नंतर भरायचा असल्याने कॅमेरा चालू असतानाच कॅमेरामन ओरडले, "पीछे की बत्ती बढाओ!"

मी ती बंद केली.

"बढाओ म्हणालो मी!" ते धावून आले. "एवढंही कळत नाही? निजामाचं राज्य गेलं, आता तरी भाषा शिका!"

"भाषा मला येते," मी म्हणालो. "आमच्या कचेरीत संध्याकाळी चपराशाला 'बत्ती बुझाओ' कोणी म्हणत नसे. अशुभ. 'बत्ती बढाओ' म्हणत, आणि तो विझवून जाई."

"तुम्ही मराठी ना? बढाओ म्हणजे वाढव!"

"मराठी आहे म्हणूनच विचारतो. तुमच्या घरी बांगडी फुटली की काय म्हणतात?"

उस्तादांनी तोंडावर रुमाल धरला.

"वाढली म्हणतात," कॅमेरामन पुटपुटले.

मुनीमांनी मात्र हिशेब पुढे केला: ऐंशी फूट फिल्म, धुलाईसह फुटाला आठ आणे, एकूण चाळीस.

"ऐंशी कुठून आले?" मी विचारले. "सेकंदाला दीड फूट जाते. कॅमेऱ्यावरचा आकडा पाहा."

आकडा पाहिला. बत्ती गेल्यावर सहा फूट, त्याआधीचे अठरा. ते अठराही बादच झाले होते, म्हणून मी स्वतःच धरले. चोवीस फुटांचे बारा रुपये.

"मग बारा द्या," मुनीम म्हणाले.

"सहा देईन. शब्द यांचा, हात माझा. आणि उद्या येणार. हाकलायचं असेल तर दिव्याचं काम येत नाही असं लिहून द्या."

कॅमेरामननी उस्तादांकडे पाहिले.

"ऐसा तो मैं नै लिखता," उस्ताद म्हणाले. "इनकू काम आता."

कॅमेरामन परत कॅमेऱ्यामागे गेले. मग मुनीमांना म्हणाले, "सहाच घ्या." माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "आणि ती मागची बत्ती जरा जवळ आणा."

मी ती लावून दोन फूट पुढे सरकवली आणि शॉट पुन्हा घेतला गेला.

दुपारी पावती आली. तिच्यावर 'नुकसानभरपाई' असे होते. ते खोडून 'निम्मा हिस्सा' लिहायला लावले. माझ्याजवळ कलदार नव्हते. सहा कलदारांचे निजामाच्या हाली सिक्क्याचे सात रुपये होतात, ते मुनीमांच्या हातात मोजून दिले.