तिन्हीसांजेची कडी

चूक माझी होती, आणि मी ती शास्त्राच्या आड लपवली.

बँकेत कारकून होतो. पुण्याहून बदली होऊन सुरतेत आलो, नानपुऱ्यातल्या एका गल्लीत दोन खोल्या घेतल्या. मुलगी अडीच वर्षांची. ऊन उतरलं की गल्लीतल्या बायका आमच्या दारापुढच्या दगडी ओटल्यावर जमायच्या, मधे परात ठेवून पापडीच्या शेंगा सोलायच्या. माझी बायको त्यांच्यात रमली होती. मुलगी या मांडीवरून त्या मांडीवर. शेजारच्या वयस्कर बाईंना ती सगळ्यांसारखीच 'मासी' म्हणायची. "मासी, मने दाणा आप ने!" आणि मासी सोललेला दाणा तिच्या तोंडात टाकायच्या.

मी शनिवारी मराठी मंडळात पत्ते खेळायला जायचो. एकदा तिला सोबत नेलं. कुणीतरी नाव विचारलं. ती म्हणाली, "मारुं नाम..." पुढचं हशात बुडालं. "काय हो, जावई इथलाच बघितलात वाटतं!" मीही हसलो, पण घरी येईपर्यंत कान तापलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं, "तिन्हीसांजेला बाईनं दारात बसू नये. लक्ष्मी यायची वेळ."

"अहो, मग दार उघडं नको का ठेवायला?"

मी कडी लावली.

मासींनी दोनतीनदा हाक मारली. बायकोनं आतूनच "आमच्यात चालत नाही" म्हणून सांगितलं. 'आमच्यात' म्हणजे कोण, हे तिनं सांगितलं नाही. मी मात्र शनिवारी मंडळात जातच राहिलो.

मला वाटलं होतं, आता मुलीचं मराठी सुधारेल. ती बोलायचीच कमी झाली. दूधवाला आला तरी आईच्या पदराआड. शहाणी होतेय, असं मी मनाला सांगत होतो.

एका रविवारी ती वाट्या-चमचे मांडून खेळत होती. चमचे एकीकडे घोळक्यानं, आणि पळी एकटी, भिंतीला टेकवून.

"ही कोण गं?"

"आई."

"ती तिकडे का?"

"दार लावलंय."

"आणि बाबा?"

तिनं वाटीखाली बघितलं, पलंगाखाली बघितलं. "बाबा पत्ते खेळायला."

त्या दिवसापासून मी तिच्याकडे निरखून बघायला लागलो. गंमत अशी की कुणी आलं तर ती आलेल्या माणसाकडे बघतच नसे. आधी आईच्या तोंडाकडे बघे. आई मोकळी हसली तर हिचेही ओठ हलायचे. आई गाठीसारखी आवळलेली असली की ही पदरात. म्हणजे ओटल्यावर ती नुसती गुजराती शिकत नव्हती तर. कुणी आलं की सरकून जागा कशी करायची, परातीतली शेंग दुसऱ्यापुढे कशी धरायची, हे ती आईचं बघून उचलत होती. मी एका वाक्यासाठी तिची शाळाच बंद केली होती. माझे वडील पाहुण्यांशी नेहमी उभ्यानंच बोलत. मला अजून कुणाच्या घरी टेकायला संकोच वाटतो. हे मी कधी शिकलो असेन? आठवत नाही. शिकवल्याचंही कुणाला आठवणार नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेतून आल्यावर मी कडी काढली. बायकोला म्हणालो, "चल." ती मुलीला कडेवर घेऊन मागून आली.

ओटल्यावर शेंगा सोलणं चालू होतं. मासी सरकल्या. मी बसलो, अवघडून, आणि जमेल तशा गुजरातीत चूक कबूल केली, "मासी, वांक मारो हतो."

मासींनी शेंगेवरून मानही वर केली नाही. "मने शुं कहो छो, भाई? एने कहो." हातातल्या शेंगेनं त्यांनी माझ्या बायकोकडे दाखवलं.

मुलगी आईच्या तोंडाकडे बघत होती. सगळ्या जणी माझ्याकडे.

"अगं," मी म्हणालो, "ती कडी शास्त्रानं नाही, मी लावली होती. लाज वाटली म्हणून. माझं चुकलं."