सफाईवाल्याचं गिऱ्हाईक

"आधी यांना भेटतो, मग तुमाला," असं म्हणत काका दर मंगळवारी आमच्या ऑफिसात शिरायचे, चप्पल काढायचे आणि गुडघ्यांवर हात ठेवून माशांच्या टाकीत वाकून बघायचे. मला नमस्कार त्यानंतर.

ऑफिस न्हावा शेव्याला, बंदरातून कंटेनर सोडवण्याचं. खाऱ्या पाण्याची टाकी ही साहेबांची हौस, आणि ती साफ करायला येणारे हे काका उलव्याजवळच्या गावचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील: बादली, नळी, दोन फडकी आणि आपल्याकडे पाठ. तरुणपणी ते लक्षद्वीपला जाणाऱ्या बोटीवर खलाशी होते. तिथल्या प्रवाळांत पाहिलेलं सगळं काच पुसता पुसता सांगायचे. मला ऐकायला वेळ नसे. तरी ऐकलं.

त्यांचा लाडका मासा बोटाएवढा, निळा, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा. त्याला ते 'सफाईवाला' म्हणत. समुद्रात याची ठरलेली जागा असते, सलूनसारखी. मोठे मासे येऊन थांबतात. हा खाली-वर नाचत पुढे येतो आणि त्यांच्या अंगावरचे बारीक किडे टिपून खातो. हेकरूसारखा दांडगा मासाही त्याच्यासाठी जबडा उघडून ठेवतो. हा आत जातो, दात साफ करून बाहेर येतो.

"आनि एका नराच्या चार-सहा बायका. नर मेला का सगल्यात मोठी बायको नर होते."

"काहीतरीच, काका."

"खरं सांगतो. साहेब रिटायर झाले का तुमचाच नंबर."

मग पायाच्या जखमेमुळे ते तीन आठवडे आले नाहीत. त्या दिवसांत मी पाहिलं, हा छोटा सफाईवाला दिवसभर टाकीतल्या दोन मोठ्या माशांना टोचतोय. मला ऑफिसात असली दादागिरी चालत नाही. मी दोन्ही मोठे मासे आमच्या सानपाड्याच्या शाखेतल्या टाकीत पाठवून दिले. विषय संपला.

काका परतले ते पायाला पट्टी बांधून. वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"मोठे कुठं गेले?"

मी सांगितलं.

"ताई, तो चावत नव्हता. जेवत होता."

मी लगेच फोन लावला. तिथलं पाणी मानवलं नाही, दोन्ही मासे दुसऱ्याच दिवशी मेले होते. नवे आणू म्हटलं, तर साहेब म्हणाले, ऑफिस हलणार आहे, आता टाकीवर काही करू नका.

"मग याला माशांच्या दुकानात देऊ या का, काका?"

"तिथं कोन हाय त्याचं गिऱ्हाईक?"

त्यांनी कोलंबी बारीक करून घातली. माशाने तोंडात घेतली आणि थुंकली. पोट आत गेलेलं मलासुद्धा दिसत होतं. मग काकांनी बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात सोडला. मासा थबकला, नाचला, जवळ आला आणि नखांच्या कडेने टिपू लागला.

"राबलेला हात हाय. काय तरी मिळंल त्याला."

मी खुर्ची दिली. बसून हात पोचेना. पायावर भार द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी तासभर उभे राहिले. मी रागावले. "हात धुताना साबन लावायचा नाय," एवढंच मला सांगितलं, जणू मी विचारलंच होतं.

पुढचे तीन मंगळवार तेच. चौथ्या मंगळवारी त्यांच्या मुलीचा फोन आला. जखमेचं विष वर चढलं होतं. बाबा शनिवारी गेले. काही लागलं तर सांग, म्हटलं. आपण सगळेच म्हणतो.

फोन ठेवून हात नुसत्या पाण्याने धुतले. उजव्या हातातल्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या, बाही वर सारली आणि हात टाकीत सोडला. पाणी कोमट होतं. मासा कोपऱ्यातून निघाला, खाली-वर नाचला, माझ्या बोटांपाशी आला. एकदा टोचलं. मग थांबून बघत राहिला. माझ्या हातांना रोज क्रीम असतं.

साडेअकराला बंदरातून फोन आला. मी डाव्या हाताने उचलला.