दोन वाट्या पेज

आईला केमोसाठी मी पिंपरीच्या दवाखान्यात न्यायचे, तेव्हा शेजारच्या पलंगाशी एक गृहस्थ दिसायचे. चाकणच्या कंपनीतली शिफ्ट संपवून यायचे. बायकोला फोडणीच्या वासानंही उलटी व्हायची, म्हणून डब्यात नुसती पेज असायची. दोन वाट्या भरून दोघंही तीच प्यायची.

"तुम्ही तरी भाकरी खा," मी एकदा डबा पुढे केला.

"नको ताई. ती एकटीच पेज प्याली की पेशंट वाटतंय तिला. दोघांनी घेतली की जेवण होतंय."

एके दिवशी तिनं तोंड फिरवलं. "आज न्हाई जायची."

त्यांनी आपलीही वाटी खाली ठेवली. कामावरून आलेला माणूस उपाशी राहील, हे तिला बघवेना. सलाइनचा हात सांभाळत ती उठून बसली, त्यांची वाटी त्यांच्या हातात दिली आणि मग स्वतःची तोंडाला लावली.