चूल विझलेली नव्हती

पौडला एस्टी धरायला निघालो तेव्हा आईनं भाकरीचं फडकं एका हातानं आणि दातांनी बांधलं. डावा हात बांबूच्या कांब्यांत बांधलेला होता. मोडला आप्पांनी, माझ्या बापानं; वाट मी दाखवलेली. आप्पा सोडायला आले नाहीत, पारावर बसले होते. हे पत्र पारावर मोठ्यानं वाचलं जाणार हे मला ठाऊक हाय. वाचा.

मंडळी, तुम्ही मला लई डोक्यावर घेतलंत. सातवी पास झालेलं पोरगं मास्तरांचं खोकणं, पोस्टमनची चाल, सरपंचांचं बसणं हुबेहूब करतंय म्हणून. दोन सोंगांच्या मधे तुमच्या चर्चा. बायकोला हातानं मारावं का काठीनं. पाठीवर चालतं, तोंडावर नको, चारचौघांत दिसतं. खाचराला शेणखत किती टाकायचं, ते ज्या तोंडानं बोलायचात त्याच तोंडानं. कुणीतरी म्हणायचं, "थोडा वचक पायजेच की." बाकीच्या माना डुलायच्या.

बायकांची ह्याच्यावर चर्चाच नव्हती. त्यांच्याकडं खापर होतं. तिन्हीसांजेला आमच्या घरात आवाज वाढला की शेजारची हिराकाकी फुटक्या मडक्याचं खापर घेऊन सरळ आत. "वैनी, इस्तू द्या वं, चूल इझली." परक्या बाईपुढं हात कसा उगारणार? आप्पा घसा खाकरत बाहेर. काकी एकेक निखारा निवडत, फुंकत, भाताच्या लावणीचं बोलत बसायची. तोवर आप्पा निवायचे. काकीच्या घरात तसंच झालं की खापर घेऊन माझी आई. तुम्हाला वाटायचं, ह्या बाया बावळट, ह्यांना साधी चूल राखता येत न्हाई.

हनुमान जयंतीच्या दुपारी मी ते सोंग केलं. उपरण्याचा पदर घेऊन हिराकाकी झालो, इस्तू मागितला. हशा कमी पडला म्हणून मागं बोट दाखवलं: हिच्या छपरातनं धूर भकाभका निघतोय, आन् ही म्हणती चूल इझली. तुम्ही लोळलात. आप्पांचा तंबाखू मळणारा अंगठा तेवढा थांबला.

चौथ्या दिवशी आप्पांनी आधी दाराला कडी घातली. बाहेर काकी खापर घेऊन, शेजारी मी. "वैनी, इस्तू," ती तीनदा म्हणाली. कडी निघाली तोवर आईचा हात मोडला होता. महिन्याभरात गावात आणखी कड्या वाजायला लागल्या. शिकायला तुम्ही एरवी एवढे चलाख कधी नव्हतात.

एस्टी सुटताना आई एवढंच बोलली, "सोंगं कर बाबा, पर बघितल्यालं समदं सांगू नगं."

इथं पुण्यात छापखान्यात लागलोय. चाळीत खोली, चहापुरता स्टोव्ह. शेजारचा क्लार्क इस्त्रीची पँट घालतो आणि घरी येऊन तेच करतो. नळावरचे पुरुष म्हणतात, "त्यांचा प्रायव्हेट मामला आहे." तुम्हीच, फक्त दाढी केलेले. आणि समोरच्या खोलीतली बाई क्लार्कचं दार वाजवते, "स्टोव्हची पिन आहे का हो?" तिच्या मागं तिचा स्टोव्ह मजेत फुरफुरत असतो. 

मी कुणाला सांगितलं न्हाई. मीपण पिन मागायला लागलो. परवा क्लार्कनं कडी लावली. त्याचा हेडक्लार्क चाळीत सत्यनारायणाला आला होता, तेव्हा त्याचं बोलणं मी उचललेलं. तोच आवाज बाहेरून काढला. दार ताबडतोब उघडलं, 'येस सर' सकट. बायकोवर उगारलेला हात सायबाच्या आवाजासरशी शर्टाची बटणं लावायला लागतो. एवढाच तुम्हा सगळ्यांचा वचक. मी पिन मागितली आणि आत जाऊन बसलो.

इथली पोरं गावाकडचे डोंगर, तळ्याचं पाणी आठवून हळवी होतात. मला गाव म्हटलं की एक दार आठवतं, बाहेरून. दुसरं घर मला अजून झालं न्हाई.

आई, समदं सांगू नगं म्हणाली होतीस. ह्या वेळी मुद्दाम सांगतोय. शिमग्याला येतोय, काकीला म्हणावं खापर पुसून ठेव. आणि आप्पा, खुशाल कडी घाला. पौडच्या फौजदाराचा आवाज मला चांगला जमतो. बाहेरून हाक आली तर ती माझी का खऱ्या फौजदाराची, हे दार उघडल्याबिगर कळायचं न्हाई.