सावड फेडायला

आमच्याकडे हळद काढायची ती सावडीनं. आज आठ बायका माझ्या रानात, उद्या मी त्यांच्या. कागद नाही, करार नाही, पण चुकवत कुणी नाही.

गेल्या हिवाळ्यात माझे यजमान सुट्टीवर आले, ते अमेरिकन फौजेबरोबरचा सराव आटोपून. पिशवीतून त्यांनी एक कापडी बिल्ला काढला. तिकडच्या एका शिपायानं ह्यांना दिलेला. ह्यांनी त्याला आपला दिला. "एका ताटात जेवलो आमी," म्हणाले, "चपाती लय आवडली गड्याला." मिरवायची हौस मला पहिल्यापासून. मी शेजारणीला बोलावून बिल्ला दाखवलाही. तिच्या नवऱ्याचं आष्ट्यात बांगड्यांचं दुकान आहे, पण अर्धा एकर हळद तिची असतेच.

सासरे जुने सुभेदार. त्यांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला.

"आमच्या टायमाला बंदूक रशियाची, तोफ रशियाची. आता चीन उशाशी बसलाय, म्हणून ह्यांच्यासंगं सराव, त्यांच्यासंगं सराव. ही सावडच हाय. उद्या त्यांच्या रानात काम निघालं तर?"

"तसा करार न्हाई, आण्णा," हे हसून म्हणाले.

"सावडीचा तरी कुठं कागद असतो?"

सासऱ्यांचं ते बोलणं अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. माझं माहेर साताऱ्याकडचं, घरटी एक माणूस पलटणीत. सीमेची भीती मला लहानपणापासून ठाऊक. आपली सीमा आहे, असं म्हणून बायका धीर तरी धरतात. पण कुठल्या तरी समुद्रातल्या बेटावरून चीन-अमेरिका अशा दोन थोरल्यांचं जुंपायचं आणि माझ्या माणसानं तिथं जायचं? बातम्या लागल्या की मी आवाज बंद करून नुसता नकाशा बघत बसायची.

हे परत गेल्यावर मी एक वेडेपणा केला. बिल्ला ट्रंकेत तळाला घातला आणि शेजारणीला सांगितलं, यंदा मी सावडीत नाही. मी इथं सावड मोडली तर ह्यांच्यावरची तिकडची सावडही सुटेल, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. हसतील म्हणून कुणाला बोलले नाही.

आठ दिवस एकटीनं खणत राहिले. नखं फुटली, पण चार सऱ्यासुद्धा झाल्या नाहीत. नवव्या दिवशी बांधावर शेजारीण उभी, मागं सात जणी.

"रुसलीस व्हय गं? जमीन दगड झाल्यावर काढणार हाईस का हळद?" म्हणाली आणि सरीत वाकलीसुद्धा. नको म्हणायला मी तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. कष्टानं रडतेय, असं त्यांना वाटलं. दोन दिवसांत रान मोकळं झालं.

काम उरकलं त्याच दुपारी ह्यांचा फोन आला. पुन्हा सराव, या वेळी त्यांच्या देशात. म्हणजे फेडायलाच. मी सरळ विचारलं, "आवं, खरंच पेटलं आणि त्यांनी बोलावलं तर न्हाई म्हणता येतं का?"

"सरकार ठरवंल ते."

"तुमचं सांगा."

 हे म्हणाले, "जेवलाय गं त्यो माझ्यासंगं."

दुसऱ्या दिवशी शेजारणीची हळद निघायची होती. माझ्या अंगात कणकण होती. सासरे म्हणाले, "ऱ्हा आज घरी, कोण काय बोलत न्हाई." खरंच कुणी बोललं नसतं. तरी माझा पाय घरात ठरेना. बांधावर जाऊन पदर खोचला आणि मग मला धडकी भरली. न येणं मला जमलं नव्हतं. ह्यांना कसं जमणार?

"ये गं, ही सरी तुझी," शेजारीण म्हणाली, आणि मी वाकले.