रविवारी माजावर येणारी गाय

राजगडाच्या पायथ्याला आमचं गाव. मी भोरला मावशीकडं राहून बारावी करत होते. दर शनिवारी एस्टीनं घरी यायची. कंडक्टर, शाळेतले सर, मावशीची सासू, समद्यांच्या नकला मला यायच्या. माणसं संपली तवा म्या जनावरं धरली. रविवारी पहाटं गोठ्यामागच्या चुलीवर पानी तापवताना मी माजावर आलेल्या, बैल मागनाऱ्या गायीगत हंबरायची. लांबलचक, शेवटाला जरा रडवं. आई तवा वड्यावर पान्याला गेलेली असायची.

घरात एकच जर्सी गाय. पहिल्या वासराला दीड वर्स झालं, दूध आटलं, पर ती फिरून गाभण राहीना. गावात मोबाईल नव्हता. आबा एस्टीच्या डायवरकडं चिठ्ठी द्यायचे, मग नसरापूरचे डॉक्टर फटफटीवर येऊन, बैलाच्या बीजाची नळी घालून गाय भरवून जायचे. राहिली का बघायला तीन आठवडं थांबायचं, मग पुन्हा तेच.

"तुमची गाय रविवारीच कशी हो माजावर येती?" डॉक्टर एकदा म्हनले. "सुट्टी बघती का काय?"

"पहाटंपासनं वरडतीया," आबा म्हनले.

मी बी हसले. देवाशपथ, डोस्क्यात उजेड पडला न्हाई.

चार वेळा भरवून झाल्यावर आबा म्हनले, आता इकायची.

आईनं तिला वासरू असल्यापासनं वाढवलेली. "भाकड गाय घेनारा तिला कुठं नेतो, ठावं हाय ना तुमास्नी?"

"मग काय करू? वैरन आभाळातनं पडती व्हय?"

पुढच्या रविवारी व्यापारी टेम्पो घिऊन आला. आबा त्याच्यासंगट वसरीवर चहा प्यायला बसले. आई गोठ्याच्या दारात जाऊन बसली आन् तिथनंच व्यापाऱ्याला म्हनली, "लई गरीब हाय वो. मारू नका. येवढ्या वर्सांत एकदा बी हंबरली न्हाई ती."

एकदा बी न्हाई? म्हंजी आबांनी ऐकलेली गाय मीच.

सांगायचं तर माझ्यावर इस्वास कोन ठेवनार? मी खरं बोलले तरी घरात आदी हसायचे. म्हनून गोठ्यामागं गेले आन् हंबरले.

आबांनी कप खाली ठिवला. "ऐका! आली माजावर!"

"ती गप रवंथ करतीया," आई म्हनली.

मग मी आबांच्या म्होरं येऊन हुभी राहिले आन् पुन्हा हंबरले.

व्यापाऱ्याच्या नाकातनं चहा आला. "पाव्हनं, हिलाच घालू का टेम्पोत?"

आबांची मान लाल झाली. "कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

आबांनी बोटांवर चार रविवार मोजले. "माज नसताना भरवली, मग राहील कशी?" मग व्यापाऱ्याला म्हनले, "टेम्पो रिकामाच न्या." संध्याकाळी मला येवढंच म्हनले, "हितनं पुढं कंडक्टरचीच नक्कल कर."

त्या दिसापास्नं आईनं कान सोडून डोळ्यांवर भरवसा ठिवला. रोज सकाळी शेपटीखाली माजाची चिकट तार दिसती का बघायची. एका बुधवारी दिसली. चिठ्ठी गेली, डॉक्टर आले. तीन महिन्यांनी त्यांनी हात घालून बघितलं आन् म्हनले, "राहिली."

भात झोडायच्या दिसांत कालवड झाली. माझी बारावी होऊन गेलेली, मी घरीच होते. आई कालवडीला पुसायला जरा बाजूला घिऊन गेली, तशी गायीनं मान वर केली आन् हंबरली. अख्ख्या आळीला ऐकू गेलं.

खळ्यावरनं आबा वरडले, "गप गं बये!"

मी आईशेजारी कालवडीचे पाय धरून बसले होते. "म्या न्हाई, आबा!"